मच्छरदाणीतला वारा

पदार्थविज्ञानाचे शिक्षक रजेवर असल्याने गेल्या महिन्यात बारावीच्या वर्गावर आम्हांलाच जावे लागले. आमचा विषय मराठी. तरी तास रिकामा जाऊ नये म्हणून आम्ही पुस्तक उघडले. प्रकरण विद्युत्-फ्लक्सचे होते. पुस्तक हिंदी, पण तास संपता संपता एका मुलीने मराठीतच विचारले, "सर, बंद पृष्ठभागातून एकूण फ्लक्स शून्य असेल, तर आत विद्युत्-क्षेत्रही नसणार ना?" आम्ही 'नसणारच' म्हणून मोकळे झालो.

रात्री अंथरुणावर पडलो, तो हे उत्तर मनाला टोचू लागले. इतक्यात खिडकीतून झुळूक आली. मच्छरदाणीच्या एका बाजूने शिरली, अंगाला लागली आणि दुसऱ्या बाजूने निघून गेली. जितका वारा आत, तितकाच बाहेर, बाकी शून्य. म्हणून आत वारा नव्हता असे कोण म्हणेल?

विद्युत्-क्षेत्रात वाऱ्यासारखे काही वाहत नाही. परंतु हिशेब असाच आहे. एकसारख्या क्षेत्रात चौकट काटकोनात धरली, तर फ्लक्स सर्वाधिक; तेथून ६० अंश कलवली, तर निम्मा; ९० अंश कलवली, तर शून्य. बंद पृष्ठभागातून बाहेर जाणारा फ्लक्स धन, आत येणारा ऋण. बाहेरच्या विद्युत्-भाराच्या रेषा एकीकडून शिरतात, दुसरीकडून निघतात. बेरीज शून्य होते, क्षेत्र मात्र असतेच. बाकी उरते ती आतल्या भाराची. मच्छरदाणीत उदबत्ती लावली, तर दाणीचा आकार कसाही असो, धूर बाहेर येणारच. गाउसच्या (१७७७–१८५५) नियमाचे मर्म हेच: आतल्या एकूण भाराला 'एप्सिलॉन-शून्य' या स्थिरांकाने भागले की एकूण फ्लक्स मिळतो. भार घनाच्या बरोबर मध्यभागी असेल, तर प्रत्येक बाजूच्या वाट्याला त्याचा सहावा हिस्सा येतो.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मच्छरदाणी काढून आम्ही सांगितले, "काल आम्ही चुकलो." ती मुलगी हळूच म्हणाली, "मला तेव्हाच पटलं नव्हतं, सर. पण तुम्ही सांगितलंत म्हणून वहीत लिहून घेतलं." आणि तिने ती ओळ खोडली.

आमच्या चुकीपेक्षा तिचे हे बोलणे आम्हांला अधिक लागले. वाचकहो, घरी मुलांनी काही विचारले आणि उत्तर ठाऊक नसले, तर 'उद्या पाहून सांगतो' म्हणावे. आमचा अधिकार त्यांच्या शंकेहून मोठा ठरू नये.