चार रुपये, बारा रुपये आणि अडीचशे रुपये

१९८० च्या सुमारास वि. स. पागे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शेतमजुराला जगण्यासाठी किमान किती मजुरी लागते याचा हिशेब मांडला. उत्तर आले दिवसाला ४ रुपये. पागे हे रोजगार हमी योजनेचे जनक. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु वर्ध्याच्या अभय बंग या तरुण डॉक्टरने तेच गणित पुन्हा केले, तेव्हा समितीने मजुराची भूकच कमी धरली असल्याचे दिसून आले. खरा आकडा १२ रुपयांचा होता. मजुरांच्या चळवळीने तो उचलला आणि शासनाला अखेर मान्य करावा लागला. नुसत्या मोर्चाने मजुरी तिप्पट झाली नसती आणि नुसत्या निबंधानेही झाली नसती.

विज्ञान, धोरण आणि चळवळ यांची सांगड घालण्याविषयी आज जगभर जे बोलले जाते, त्याचे ठळक उदाहरण म्हणून एचआयव्हीविरुद्धच्या लढ्याकडे बोट दाखविले जाते, आणि ते रास्तही आहे. १९९६ पर्यंत या रोगावरील औषधांचा प्रभावी संयोग सिद्ध झाला होता. मात्र वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक किंमत मोजण्याची ऐपत आफ्रिकेतील वा भारतातील रुग्णांपाशी नव्हती. दक्षिण आफ्रिकेतील रुग्ण रस्त्यावर उतरले. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, आणि एप्रिलमध्ये ३९ औषध कंपन्यांना त्या देशाच्या सरकारविरुद्धचा खटला मागे घ्यावा लागला. भारतात मोफत उपचार १ एप्रिल २००४ पासून सुरू झाले. म्हणजे शोध लागल्यानंतर आठ वर्षांनी. प्रयोगशाळा आणि रुग्ण यांच्यामधली ती आठ वर्षे किती जीव घेऊन गेली, हा प्रश्न वैद्यकाचा नसून अर्थशास्त्राचा आहे.

हीच सांगड गडचिरोलीच्या जंगलात कशी घातली गेली, हे आपल्या कार्यकर्त्यांनी अधिक बारकाईने पाहावयास हवे. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात राणी आणि अभय बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था काढली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत दोन गावांतील ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक रोग असल्याचे आढळले. पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रिया मोजणाऱ्या शासनाने त्या स्त्रियांचे दुखणे कधी मोजलेच नव्हते. एचआयव्हीच्या प्रसाराला असे अनुपचारित लैंगिक रोग हातभार लावतात, हे लक्षात घेतले तर या मोजणीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

पुढचा प्रयोग नवजात बालकांचा. ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्यात आले. श्वास मोजणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुदोष ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे ही कामे त्या घरोघरी जाऊन करू लागल्या. डॉक्टरमंडळींना हे रुचणे कठीणच होते. सुई ही पदवीधराची मिरासदारी! परंतु १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गावांत हा उपक्रम नव्हता त्यांच्याशी तुलना करता नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता, आणि दर बाळामागे खर्च होता ५.३ डॉलर. पाठोपाठ 'कोवळी पानगळ' या २००१ च्या अहवालाने महाराष्ट्रातील बालमृत्यू सरकारी दप्तरात किती कमी नोंदले जातात हे उघडे पाडले. पुरावा आणि जनमत एकत्र आले, आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात बालसेवेचा कार्यक्रम आशांमार्फत देशभर स्वीकारला.

येथे कथा संपवून टाळ्या वाजविण्याचा मोह आवरला पाहिजे. धोरणाने विज्ञान स्वीकारले, पण ते विज्ञान पायी चालत घरापर्यंत नेणाऱ्या बाईची किंमत काय लावली? ४२ दिवसांत सहा ते सात भेटी आणि त्या सर्वांबद्दल २५० रुपये. म्हणजे एका भेटीला ४० रुपयांच्या आसपास. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येतो, वाट बंद होते. एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जाण्यातच दिवस मोडतो. त्या दिवसाची मजुरी या हिशेबात कोठेही धरलेली नाही. तिला 'स्वयंसेविका' म्हटले की किमान वेतनाचा कायदा दाराबाहेर राहतो. जून २०२१ मध्ये, महासाथीच्या ऐन धामधुमीत, राज्यातील सुमारे ७० हजार आशांना संपावर जावे लागले ते यामुळेच.

शेजारच्या चंद्रपुराचा धडा निराळा आहे. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपुरात स्त्रियांनी डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी मोर्चा नेला आणि १ एप्रिल २०१५ पासून बंदी मिळविली. २०२१ मध्ये अवैध दारू, गुन्हे आणि बुडालेला महसूल ही कारणे देऊन शासनाने ती उठविली. बंदीच्या काळात घरात किती पैसा उरला, किती मारहाण टळली, याचा गावोगावचा हिशेब महसुलाच्या आकड्यांइतक्याच ठामपणे समोर असता तर शासनाला इतक्या सहज माघार घेता आली असती काय? चळवळीने आपले आकडे स्वतः गोळा केले नाहीत, तर ते दुसरा कोणीतरी त्याच्या सोयीने गोळा करतो.

आपल्यातील काही मंडळी अशा आरोग्यकार्याला 'मलमपट्टी' म्हणून बाजूला सारतात. त्यांनी पागे समितीचे ४ रुपये आठवावेत. आज तसेच काम समोर आहे. प्रत्येक तालुक्यात दहा आशांसोबत महिनाभर फिरून चाललेले तास, ओलांडलेले नाले, स्वतःच्या खिशातून भरलेले भाडे आणि बुडालेली मजुरी यांची नोंद करणे शक्य आहे. एटापल्ली आणि धानोरा येथून सुरुवात करावी. वेतनाच्या मागणीचे पुढचे निवेदन त्या वहीसह जावे.