पिलाटिसचे नाव सर्वांचे. पाठीची जबाबदारी कोणाची?

जून २०२५ मध्ये आपल्या देशाचे अंदाजपत्रक सादर झाले, तेव्हा घराघरांत एकाच घोषणेची चर्चा झाली. मूळ निवृत्तिवेतनाचे वय साठावरून टप्प्याटप्प्याने पासष्टावर नेण्याची ती घोषणा होती. कामगार संघटनांनी निषेध केला, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. वाद पैशांचा होता आणि तो होणे स्वाभाविकच होते. माझ्या मनात मात्र तेव्हापासून दुसराच एक प्रश्न घोळतो आहे. पासष्टीपर्यंत काम करायचे, तर ते कोणत्या पाठीने आणि कोणत्या गुडघ्यांनी?

या प्रश्नाचे एक तयार उत्तर सध्या जगभर विकले जात आहे. त्याचे नाव पिलाटिस. चटईवर किंवा स्प्रिंगा लावलेल्या सरकत्या बाकावर, श्वासाच्या तालावर, पोट व पाठीचे स्नायू बळकट करण्याची ही पद्धत आहे. व्यायामवर्गांची नोंदणी करणाऱ्या क्लासपास या कंपनीने २०२४ साली पिलाटिस हा आपल्याकडील सर्वांत लोकप्रिय व्यायाम ठरल्याचे जाहीर केले. मोठ्या देशांत जे चालते ते आपल्या बेटावर येण्यास आता फार वेळ लागत नाही.

आमच्या शेजारच्या मावशी पासष्ट वर्षांच्या. त्याही अशाच एका वर्गाला जाऊ लागल्या. तिसऱ्याच आठवड्यात पाठ गोल करून मागे-पुढे डोलण्याचा व्यायाम करताना पाठीत कळ आली. क्ष-किरण तपासणीत पाठीचा एक मणका दबून मोडल्याचे दिसले. हाडे आधीच ठिसूळ झालेली होती आणि ते कोणालाच ठाऊक नव्हते. त्या वर्षी गणपतीत जाखडीच्या फेरात मावशी नव्हत्या. खुर्चीवर उशी लावून बसून होत्या. मी विचारले, "मावशी, पहिल्या दिवशी तुमच्या तब्येतीची काही चौकशी केली होती का?" त्या म्हणाल्या, "नाही रे बाळा, फक्त पैसे कुठल्या दिवशी भरणार ते विचारलं."

त्या वर्गाला दोष देऊन मला थांबायचे नाही. असे का घडते, हे समजून घेणे अधिक उपयोगी आहे.

नाव मोकळे कसे झाले

जोसेफ पिलाटिस यांचा जन्म १८८३ साली जर्मनीत म्योन्शनग्लाडबाख येथे झाला. पहिल्या महायुद्धात ते इंग्लंडमध्ये होते. शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना आइल ऑफ मॅन या बेटावरील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. पुढे १९२६ च्या सुमारास ते न्यूयॉर्कला गेले आणि पत्नी क्लारा यांच्यासह त्यांनी व्यायामशाळा काढली. आपल्या पद्धतीला ते 'कंट्रोलॉजी' म्हणत. नर्तक मंडळी त्यांच्याकडे दुखावलेले शरीर सावरण्यासाठी जात. १९४५ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकात चटईवरचे ३४ व्यायाम दिलेले आहेत. १९६७ साली ते वारले.

त्यांच्या पश्चात 'पिलाटिस' हे नाव एका कंपनीने व्यापारचिन्ह म्हणून आपल्या हक्काचे असल्याचे सांगितले. प्रकरण न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात गेले. ऑक्टोबर २००० मध्ये निकाल लागला, की योग किंवा कराटे या शब्दांप्रमाणेच पिलाटिस हेही एका व्यायामपद्धतीचे सर्वसामान्य नाव आहे. त्यावर कोणाची मालकी असू शकत नाही. निकाल अमेरिकेचा, पण त्याचा परिणाम दूरवर पोहोचला.

हा निकाल मला योग्य वाटतो. विद्येला कुंपण घालू नये. पण त्याची दुसरी बाजू अशी, की आता पाटीवर 'पिलाटिस' लिहिले आहे यावरून आत काय शिकवतात आणि शिकवणारा किती शिकलेला आहे, हे कळत नाही. एकाने कित्येक महिने अभ्यास केलेला असतो, दुसऱ्याने दोन दिवसांचे शिबिर. दोघांची पाटी एकसारखीच.

ही उणीव जाणत्या शिक्षकांच्याही ध्यानात आली. अमेरिकेत २००१ साली त्यांची एक संस्था स्थापन झाली आणि पुढे तिने परीक्षा सुरू केली. त्या परीक्षेला बसण्यापूर्वी निदान ४५० तासांचे प्रशिक्षण लागते. मात्र ही परीक्षा ऐच्छिक आहे.

मी पेशाने शिक्षक. लहान मुलांना बाराखडी शिकविण्यापूर्वी मला रेद्वीच्या मॉरिशस इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमध्ये प्रशिक्षण घ्यावे लागले, अनुभवी शिक्षकांसमोर पाठ घ्यावे लागले, चुका ऐकून घ्याव्या लागल्या. मुलाने 'क' उलटा काढला तर तो खोडता येतो. आजीचा मणका मोडला तर तो खोडता येत नाही. मग अधिक तयारी कोणाची हवी?

चाळीस वर्षांपूर्वीचा धडा

मावशींच्या बाबतीत जे घडले त्याचा इशारा वैद्यकशास्त्राने फार पूर्वी दिलेला आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९८४ साली ५९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या साऱ्या ४९ ते ६० वर्षांच्या, पाळी गेलेल्या आणि मणक्यांची हाडे ठिसूळ झालेल्या होत्या. काहींना पाठ मागे ताणण्याचे व्यायाम दिले, काहींना पुढे वाकण्याचे, काहींना दोन्ही, आणि काहींना कोणताच नाही. पुढील काळात मणक्यांना नव्याने इजा झालेल्यांचे प्रमाण असे निघाले: मागे ताणणाऱ्यांत १६ टक्के, दोन्ही करणाऱ्यांत ५३ टक्के, काहीच न करणाऱ्यांत ६७ टक्के आणि केवळ पुढे वाकणाऱ्यांत ८९ टक्के.

अभ्यास लहान होता. पुढे वाकणाऱ्या गटात अवघ्या नऊ स्त्रिया होत्या. म्हणून या आकड्यांवर फार मोठा इमला उभारू नये. तरीही दिशा स्पष्ट आहे. व्यायाम सोडून स्वस्थ बसणे हा सुरक्षित मार्ग नव्हे, कारण तिथेही इजा पुष्कळच झाल्या. प्रश्न आहे तो कोणता व्यायाम कोणासाठी, हा.

आता पिलाटिसच्या त्या मूळ ३४ व्यायामांकडे पाहा. डोके व खांदे उचलून पाठ गोल करणे, पडल्या जागेवरून वळत वळत उठणे, पाय डोक्यामागे नेणे, चेंडूसारखे डोलणे, असे पुढे वाकण्याचे प्रकार त्यात पुष्कळ आहेत. तरुण नर्तकीला ते शोभतात. हाडे ठिसूळ झालेल्या बाईला तेच घातक ठरू शकतात. आणि हाडांचा ठिसूळपणा मणका मोडेपर्यंत बहुधा दुखत नाही, हीच त्यातली फसवणूक. अर्थात हा दोष एकट्या पिलाटिसचा नाही. आपल्या योगासनांत व सूर्यनमस्कारातही पुढे वाकणे आहे. तेथेही हाच नियम लागू आहे.

फायदा किती, जाहिरात किती

पिलाटिसने वजन झरझर उतरते, सारी दुखणी पळतात, असे सांगणारे पुष्कळ आहेत. पुरावा याहून नम्र आहे. २०१५ साली कॉक्रेन या संस्थेने कंबरदुखीवरील दहा अभ्यास व त्यांतील ५१० रुग्ण यांचा एकत्र विचार केला. निष्कर्ष असा, की काहीच न करण्यापेक्षा पिलाटिसने वेदना व हालचाल यांत सुधारणा होण्याची शक्यता आहे. परंतु इतर व्यायामांपेक्षा ते श्रेष्ठ असल्याचा ठाम पुरावा नाही.

शिवाय आपल्या बेटावर दर पाच प्रौढांमागे साधारण एकाला मधुमेह आहे. आपल्यापैकी कोणाचे घर त्यातून सुटले आहे? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान १५० मिनिटे दम लागेल असे चालणे-फिरणे आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम सांगते. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व्यायामही तीन दिवस हवेत. पिलाटिस यांतील दुसऱ्या व तिसऱ्या गोष्टीला हातभार लावील. संध्याकाळच्या फेरीची जागा ते घेऊ शकत नाही.

सुरुवात कशी करावी

प्रथम आपल्या शरीराची माहिती हवी. पन्नाशी उलटलेल्या स्त्रिया, पूर्वी किरकोळ पडण्याने हाड मोडलेले, उंची कमी झालेले, दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेले, यांनी आधी डॉक्टरांना हाडांविषयी विचारावे. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात जाण्यास पैसे पडत नाहीत. मग संकोच कशाचा?

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर फार उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी, वर्गापूर्वी व नंतर पाय तपासावेत आणि न घसरणारे मोजे घालावेत. डोळ्यांच्या पडद्याला मधुमेहाने इजा झाली असेल किंवा काचबिंदू असेल, तर डोके खाली व पाय वर असे प्रकार डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नयेत. रक्तदाब असलेल्यांनी श्वास कोंडून जोर लावू नये. जोर लावताना मोठ्याने आकडे मोजले तर श्वास आपोआप चालू राहतो. गरोदर स्त्रियांनी पहिले तीन महिने उलटल्यावर बराच वेळ उताणे पडून राहू नये.

मग सुरुवात साधी असावी. गुडघे दुमडून उताणे पडणे, श्वास सोडताना ओटीपोट हलकेच आत ओढणे, पाठीचा नैसर्गिक बाक राखून एकेक पाय उचलणे, कंबर पुलासारखी वर नेणे, पालथे पडून छाती थोडीशी उचलणे, ओणवे होऊन उलट बाजूचे हात-पाय लांब करणे. एवढ्यावर पहिला महिना दीड महिना खुशाल काढावा. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास पुरे. ज्यांना जमिनीवर बसणे-उठणे कठीण, त्यांनी भिंतीला पाठ लावून किंवा खुर्चीवर आरंभ करावा.

वाढ करताना एका वेळी एकच गोष्ट वाढवावी: आवर्तने तरी, वेळ तरी, कठीणपणा तरी. दुसऱ्या दिवशी स्नायू ठणकले तर घाबरू नये; ते एक-दोन दिवसांत शमते. पण टोचणारी कळ, पायात मुंग्या, छातीत दुखणे किंवा चक्कर आली तर तत्काळ थांबावे. पाय लुळा पडणे, लघवीवरचा ताबा जाणे अशी लक्षणे दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

शिकवू इच्छिणाऱ्यांना

आपल्या मुला-मुलींपैकी कोणाला हा व्यवसाय करावासा वाटला तर आनंदच आहे. या कामाला गिऱ्हाईक आहे आणि वृद्धांची संख्या वाढत असल्याने ते वाढणारच. पण आधी पूर्ण प्रशिक्षण घ्यावे, प्रथमोपचार शिकावेत. प्रत्येक नव्या माणसाची लेखी माहिती घ्यावी: वय, आजार, औषधे, शस्त्रक्रिया, पडणे. सुरुवातीला एवढीच माणसे घ्यावीत, की प्रत्येकाच्या पाठीवर नजर राहील. प्रत्येक व्यायामाचा सोपा पर्याय तयार ठेवावा. स्प्रिंगांचा बाक असेल तर दोऱ्या, हुक व स्प्रिंगा नियमित तपासाव्यात. काही कारखानदार साधारण दोन वर्षांनी स्प्रिंगा बदलण्यास सांगतात. आणि आपल्याला न समजणारे दुखणे समोर आले तर फिजिओथेरपिस्टकडे पाठविण्यात कमीपणा मानू नये. असा व्यवसाय सावकाश वाढेल, पण तोच टिकेल.

कायदा येईल तेव्हा येवो. तोवर आपल्या मंडळांच्या व बैठकांच्या हाती एक सोपा उपाय आहे. व्यायामवर्गासाठी सभागृह देताना समितीने तीन प्रश्न विचारावेत. आपण कोठे व किती काळ शिकलात? येणाऱ्यांच्या प्रकृतीची लेखी माहिती घेता काय? हाडे ठिसूळ असलेल्या बाईला आपण कोणते व्यायाम देणार नाही? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर न अडखळता आले तर चावी खुशाल द्यावी.

मावशी आता पुन्हा व्यायाम करतात. फिजिओथेरपिस्टने दिलेले चारच प्रकार, त्यांत पाठ गोल करण्याचा एकही नाही. त्यांच्या धाकट्या सुनेला मात्र निवृत्तिवेतनासाठी साठीच्या पलीकडे थांबावे लागणार. तिने वर्गात नाव घातले, तेव्हा मावशींनी आधी तिला दवाखान्यात नेले आणि मग वर्गाच्या बाईंना स्वतःच भेटल्या. काय विचारायचे ते आता त्यांना कोणी शिकवायला नको.