पुरंदरावरची नावे

नाझींनी घरातून ओढून नेलेल्या ज्यू कुटुंबीयांची नावे युरोपात त्यांच्या दारासमोरील पदपथावर, दहा सेंटिमीटरच्या पितळी पाटीवर कोरलेली आढळतात. शिल्पकार गुंटर डेमनिग यांनी १९९२ मध्ये असा पहिला दगड बसवला; २०२३ मध्ये एक लाख पूर्ण झाले. नाव वाचायचे तर मान खाली घालावीच लागते!

पाबळहून पुरंदरावर जाणाऱ्या तरुणांना शंभूराजांचे जन्मस्थान ठाऊक असते. पण हिटलरच्या तावडीतून निसटून भारतात आलेल्या ज्यूंनाही दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी, केवळ जन्माने जर्मन म्हणून, याच गडावर स्थानबद्ध केले होते, हे किती जणांस माहीत आहे? बेने इस्रायलींना शतकानुशतके आपले मानणाऱ्या भूमीवर परक्या सत्तेने हे केले. तेव्हाची दप्तरे धुंडाळून त्यांची नावे गडाच्या वाटेवर कोरली जावीत.