घोडे अडते ते डिस्चार्जनंतर



मुलाच्या पोटात दुखू लागले की आधी जंतांचे औषध, मग ओवा-हिंग. आणि दुखणे नेमके शाळेच्या वेळेला उठले तर ‘नाटक करतोय’ हा शेरा ठरलेला. बहुतेक वेळा दुखणे खरोखरच साधे असते. पण तेच मूल दर काही महिन्यांनी गुडघे पोटाशी घेऊन कळवळत असेल, उलट्या करत असेल, कळ पाठीत जाते म्हणत असेल, तर स्वादुपिंडाला सूज आली आहे का, हे पाहायलाच हवे. रक्तातील अमायलेज, लायपेज आणि पोटाची सोनोग्राफी जिल्ह्याच्या गावी सहज होते. तरीही निदानापर्यंत कित्येकदा वर्षे जातात.

निदानानंतर कुजबुज सुरू होते. मोठ्या माणसांत या आजाराचे ठळक कारण दारू, म्हणून नातेवाईक बापाकडे बघू लागतात. मुलांमध्ये मात्र मूळ पुष्कळदा जनुकांत असते. 1996 मध्ये पीआरएसएस1 आणि 2000 मध्ये स्पिंक1 या जनुकांतले दोष या आजाराशी जोडले गेले. भारतीय रुग्णांत दुसरा जास्त आढळतो. केरळात एके काळी टॅपिओका खाण्यावर ठपका होता, पुढे तो टिकला नाही. आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे थांबले पाहिजे.

रुग्णालयातले उपचार पुष्कळ सुधारले आहेत. सलाइन, पुरेसे वेदनाशामक, शक्य तितक्या लवकर तोंडाने खाणे. स्वादुपिंडाची नळी अडली तर तोंडावाटे दुर्बीण घालून (ईआरसीपी) स्टेंट. नळीत मोठा खडा असेल तर तो बाहेरून लहरींनी फोडणे. हैदराबादची एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजी या कामासाठी नावाजलेली आहे.

घोडे अडते ते डिस्चार्जनंतर. स्वादुपिंड निकामी होत गेले की चरबी पचत नाही. शौच तेलकट होते, पाणी टाकले तरी भांड्याला चिकटून राहते, आणि मुलाचे वजन वाढत नाही. मग प्रत्येक जेवणाबरोबर एन्झाइमची कॅप्सूल आली. लहान मुलाला ती गिळता येत नाही; आई ती उघडते, आतले दाणे चमचाभर सफरचंदाच्या गरावर टाकते आणि ‘चावू नकोस हं’ म्हणून बजावते. मधल्या सुट्टीत कॅप्सूल राहिली तर डब्यातले तूप अंगी लागत नाही. शिवाय ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वे, आणि मधुमेहाचा धोका असल्याने साखरेची नियमित तपासणी. हे सारे वर्षानुवर्षे, बहुधा जन्मभर.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कवच कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांचे आहे. पण ते मुख्यतः दाखल रुग्णासाठी. ज्या औषधावर मूल वाढते, ते महिन्यामागून महिने घरच्या खिशातून येते. मजुरी करणारा बाप मग दिवसाच्या कॅप्सूल कमी करतो, आणि मूल खंगू लागते. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठीच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्वादुपिंडाची एन्झाइम घेतली आहेत. ती इथे ऐच्छिक कशी?

रुग्ण थोडे आहेत, हे उत्तर पटत नाही. हिमोफिलियाचे रुग्णही थोडेच, तरी त्यांना शासकीय रुग्णालयांत रक्त गोठवणारे फॅक्टर मोफत मिळते. तीच सोय या मुलांसाठी प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या औषध खिडकीवर व्हावी. शाळांत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांनी वजन-उंचीबरोबर ‘पोट वारंवार दुखते का?’ हेही विचारावे, आणि होकार आल्यास त्या मुलाला तपासणीसाठी पाठवावे.

– एक वाचक