हिशेब जुळतो, जंगल तुटते

बँकेत दिवसाचे काम संपताना नावे आणि जमा या दोन्ही बाजू जुळल्या की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण जुळलेला हिशेब म्हणजे सुरक्षित पैसा नव्हे, हे त्या नोकरीत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला पुरते ठाऊक असते. बुडीत कर्जसुद्धा कागदावर कितीतरी दिवस ‘येणे’ म्हणून ऐटीत उभे असते. जंगलांचे हिशेब वाचताना मला त्या बुडीत येण्याची आठवण होते. इथे इतकी झाडे तोडली, तिथे तितकी लावली; बेरीज बरोबर. मग त्या जंगलातले प्राणी नाहीसे का होतात?

याचे उत्तर माणसाच्या सर्वांत जवळच्या नातेवाइकांकडे आहे. चिंपँझी, बोनोबो, गोरिला आणि ओरांगउटान हे ते महाकपी. यांपैकी एकही आपल्या देशातल्या रानात नाही. पण त्यांचा धाकटा भाऊबंद, हूलॉक गिबन, ईशान्य भारतात आहे. शेपूट नसलेला हा कपी जन्मभर झाडांवर राहतो आणि लांब हातांनी झोके घेत एका फांदीवरून दुसरीवर जातो. आसामात जोरहाटजवळ त्याच्यासाठी राखलेले होलोंगापारचे अभयारण्य आहे, सुमारे २१ चौरस किलोमीटरचे. चहाच्या मळ्यांनी वेढलेल्या या जंगलातून ब्रिटिश अमदानीत रेल्वे गेली आणि त्याचे दोन तुकडे झाले. रुळांनी जागा ती किती खाल्ली? चिंचोळी पट्टी. क्षेत्रफळाच्या रकान्यात तिचा फरकही जाणवायचा नाही. पण वरची फांदी फांदीला भेटेनाशी झाली आणि अलीकडच्या गिबनाची पलीकडच्याशी सोयरीक तुटली. झाडावर राहणाऱ्याला बेरजेवरून उडी मारता येत नाही. त्याला सलग फांदी लागते.

ओरांगउटानची कथा तर थेट आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येते. मलय भाषेत या नावाचा अर्थच ‘वनातला माणूस’. बोर्निओ आणि सुमात्रा या बेटांवर तो राहतो. त्याची तापानुली ही जात २०१७ साली स्वतंत्र म्हणून ओळखली गेली, तेव्हाच तिची संख्या ८०० च्या आत होती. मादीला साधारण सात-आठ वर्षांनी एकच पिल्लू होते; म्हणजे एकदा झालेली तूट भरून यायला पिढ्या जातात. या बेटांवरची मोठाली जंगले पामतेलाच्या लागवडीसाठी तोडली गेली, आणि पामतेलाची सर्वाधिक आयात करणारा देश आहे भारत. बिस्किटे, वनस्पती तूप, साबण, फरसाण यांतून ते डोंबिवलीच्या चाळीत आणि ठाण्याच्या टॉवरमध्ये सारखेच पोचते. २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये इंडोनेशियाने काही आठवडे निर्यात थांबवली, तेव्हा या तेलावर आपण किती विसंबून आहोत हे दिसले.

मग हे तेल आपल्याकडेच पिकवावे, हा विचार स्वाभाविक आहे. केंद्र सरकारने २०२१ साली त्यासाठी ११,०४० कोटी रुपयांचे अभियान मंजूर केले. भर ईशान्य भारत आणि अंदमानावर. म्हणजे गिबनाचाच मुलूख. आणि इथे हिशेबाची गंमत पाहा. आपल्या वनसर्वेक्षणात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर दहा टक्के झाडोरा दिसला की ती ‘वनाच्छादित’ ठरते. झाड कुठल्या जातीचे, जमीन कुणाची, हे विचारले जात नाही. फळबागा आणि पामसुद्धा त्यात येतात. नकाशावरचा हिरवा रंग तसाच राहील आणि त्याखालचे रान गेलेले असेल.

हे सगळे दूरचे वाटत असेल, तर येऊरकडे पाहा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे. त्याचा निम्म्याहून अधिक भाग ठाणे जिल्ह्यात आहे. आपल्या वाट्याला कपी नाहीत, पण माकडे आणि वानरे आहेत, बिबटे आहेत. २००९ साली कॉलर लावून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या कसाऱ्यावरून, महामार्ग, रूळ आणि वसईची खाडी ओलांडून जवळजवळ सव्वाशे किलोमीटर चालत या उद्यानात आला. २०११ च्या डिसेंबरात वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याच्यावर २०१४ साली मराठी चित्रपट निघाला, आपण हळहळलो. त्याच्या वाटेवरची मोकळी जागा मात्र दर वर्षी आकसते आहे.

ठाणे ते बोरिवली जुळ्या बोगद्याचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झाले. घोडबंदर रस्त्यावर रोज तास-दीड तास अडकणाऱ्या माणसाला तो नको म्हणा, असे मी सांगणार नाही. जंगल कापून रस्ता काढण्यापेक्षा त्याच्या पोटातून जाणे बरेच. पण बोगद्याच्या तोंडाशी उद्या जी वस्ती आणि वर्दळ वाढेल, ती डोंगराच्या पायथ्याला किती चिकटेल, हा प्रश्न आजच विचारायला हवा. उद्यानाभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र २०१६ च्या डिसेंबरात अधिसूचित झाले आहे. ते कागदावरच्या ‘येण्या’सारखे राहू नये.

झाडे तोडल्याची भरपाई लावली जाते, तेव्हा ‘किती?’ एवढेच विचारून आपण गप्प बसतो. खरा प्रश्न ‘कुठे?’ हा आहे. येऊरच्या पायथ्याशी गेलेले झाड दुसऱ्या जिल्ह्यातल्या माळावर जमा दाखवून इथल्या माकडाला काय मिळाले? भरपाईची जमीन उरलेल्या जंगलाला लागून असावी, दोन तुकडे जोडणारी असावी, ही मागणी हरकती-सूचनांच्या मुदतीत कुठल्याही सोसायटीला लेखी करता येते. पामतेलावर सरसकट बहिष्कार हा मात्र उपाय नव्हे. तेवढेच तेल दुसऱ्या पिकातून काढायचे तर जमीन आणखी जास्त लागते. नवे जंगल न तोडता पिकवलेले तेल वापरा, असा आग्रह उत्पादकांकडे धरणे शक्य आहे. तशी प्रमाणपत्रे मिळतातही.

आणि रविवारी मुलांना घेऊन येऊरला जाल, तेव्हा माकडांपुढे वेफर्सची पिशवी धरू नका. त्यात दया वाटते, पण ती आपल्यापुरती. आपल्या हाताला चटावलेले माकड उद्या खिडकीत येते, मग आपणच पिंजरा मागवतो. त्याला आपला खाऊ नको आहे. त्याला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाता आले पाहिजे, एवढेच.