फोनची किल्ली कोणाच्या हाती?

केंद्र सरकारच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागाचे मुख्यालय अनेक वर्षे दिल्लीत आर. के. पुरमच्या वेस्ट ब्लॉकमध्ये राहिले. सरकारी कर्मचाऱ्यांच्या या वसाहतीतील मराठी कुटुंबांना त्या कचेऱ्या परिचयाच्या आहेत. २० डिसेंबर २०१८ रोजी गृहमंत्रालयाने ज्या १० यंत्रणांना संगणकातील माहिती पाहण्याचा आणि सांकेतिक कुलपात असल्यास ती उलगडून घेण्याचा अधिकार दिला, त्यांत हा विभागही आहे. कायद्याच्या व्याख्येत खिशातला फोनही संगणकच ठरतो.

अमली पदार्थांचा व्यापार कामगार वस्त्यांतील तरुण पोरांचा बळी घेतो. तो मोडून काढण्यासाठी तपास झालाच पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. प्रश्न तपासाचा नसून त्यावर देखरेख कोणाची, हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली आदेश देतो गृहसचिव आणि त्याची फेरतपासणी करते सचिवांचीच समिती. न्यायालय यात कोठेच नाही. सहकार्य नाकारणाऱ्यास मात्र ७ वर्षांपर्यंत कैद! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ नुसार फोन हजर करण्यास ठाण्याच्या प्रमुखाचा लेखी आदेशही पुरतो.

ऑक्टोबर २०२१ मधील मुंबईचे क्रूझ प्रकरण आठवावे. आरोपींच्या फोनमधील खासगी गप्पा वाहिन्यांवरून घरोघर पोचल्या. मुंबई उच्च न्यायालयाने जामीन देताना त्या संदेशांत कटाचा पुरावा दिसत नसल्याचे म्हटले. मे २०२२ मध्ये विभागाने स्वतःच ६ जणांना पुराव्याअभावी आरोपपत्रातून वगळले. नामवंत वकील उभे करू शकणाऱ्यांची ही गत, तर कंत्राटी कामगाराने कोणाकडे पाहावे?

आज कामगाराचा फोन म्हणजे त्याची हजेरी, पगाराचे खाते आणि भविष्य निर्वाह निधीचा हिशेब. घरपोच माल देणाऱ्या पोराचा फोन जप्त झाला की त्याच दिवशी मजुरी बंद. युनियन प्रतिनिधीच्या फोनमध्ये सभासदांची नावे, संपाची चर्चा, मालकाविरुद्ध तक्रार करणाऱ्यांचे निरोप असतात. एक फोन उघडला की शेकडो कामगार उघडे पडतात.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सीबीआयच्या एका प्रकरणात, खटला चालू असताना आरोपीवर पासवर्ड सांगण्याची सक्ती करता येणार नाही, असे म्हटले. स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास कोणालाही भाग पाडू नये, हे घटनेच्या कलम २०(३) चे वचन आहे. परंतु बोटांचे ठसे घेणे म्हणजे अशी साक्ष नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच ठरविले आहे. मग अंगठा टेकवून उघडणाऱ्या फोनचे काय? पासवर्डला संरक्षण आणि अंगठ्याला नाही, हा न्याय कामगाराला समजणार नाही.

सर्व फोनमध्ये सरकारसाठी चोरदरवाजा ठेवावा, ही सूचना आम्हाला मान्य नाही. असा दरवाजा चोराला आणि मालकाच्या हेरालाही सापडतो.

आमच्या मागण्या साध्या आहेत. गुन्ह्याचा व कालावधीचा उल्लेख असलेल्या न्यायालयीन वॉरंटशिवाय फोन उघडू नये. जप्तीचा पंचनामा व्हावा. माहितीची प्रत काढून फोन ठरावीक मुदतीत परत मिळावा. गुन्ह्याशी संबंध नसलेली माहिती, विशेषतः संघटनेची, नष्ट करावी. अंगठा आणि चेहरा यांनाही पासवर्डइतकेच संरक्षण असावे.

शाखांनी हा विषय सभेत घ्यावा. तपासात अडथळा आणू नये. मात्र लेखी आदेश पाहिल्याशिवाय आणि पंचनाम्याची प्रत मागितल्याशिवाय फोन हातचा सोडू नये. जप्तीचे चित्रण करणे संहितेच्या कलम १०५ नुसार पोलिसांवर बंधनकारक आहे, हे प्रत्येक सभासदाला सांगावे. हक्क माहीत असेल तरच तो मागता येतो.