पुन्हा लेसर? आधी जुना कागद काढा

लेसर करून चष्मा सुटतो, आणि काही वर्षांनी रात्री गाडी चालवताना समोरचे दिवे पुन्हा पसरट दिसू लागतात, बसची पाटी वाचायला डोळे बारीक करावे लागतात. मग साहजिकच मनात येतं, पुन्हा एकदा लेसर करून घ्यावं. त्या वेळी चौकशी होते ती मशीन किती नवं आहे याची. खरं तर विचारायला हवं ते डोळ्यात शिल्लक किती आहे, आणि ते ठरवायला पहिल्या शस्त्रक्रियेचा कागद लागतो.

लेसर कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, थोडा भाग कायमचा काढून त्याचा आकार बदलतो. हा पडदा मध्यभागी साधारण 540 मायक्रॉन, जेमतेम अर्धा मिलिमीटर. लॅसिकमध्ये वरचा शंभर-सव्वाशे मायक्रॉनचा पापुद्रा उचलून परत बसवतात, पण मजबुतीच्या हिशेबात तो धरता येत नाही. एका नंबरामागे 12 ते 15 मायक्रॉन जातात, आणि खाली किमान 250 उरायलाच हवेत; अनेक सर्जन 300च्या खाली जात नाहीत. मूळ जाडी 500 आणि नंबर उणे आठ असेल, तर पहिल्याच खेपेला जागा जवळजवळ संपते. त्याहून पातळ झालेला कॉर्निया पुढे फुगू लागला, तर वेडावाकडा सिलिंडर, म्हणजे असमान वक्रतेचा नंबर, येतो आणि साधा चष्माही पुरत नाही.

उरलेली जाडी आता स्कॅनवर मोजता येते, मग जुना कागद कशाला, असं कोणी म्हणेल. जाडी कळते, हे खरं. पण परतलेला सिलिंडर पहिल्या वेळी राहून गेला होता की कॉर्निया फुगल्यामुळे नव्याने आला, हे कॉर्नियाचा जुना आणि नवा नकाशा शेजारी ठेवल्यावरच नीट उमगतं. पहिल्या कारणासाठी लेसर चालतो, दुसऱ्यात तो घातक ठरतो. चाळिशी लागल्याने जवळचं दिसत नसेल, तर तो नंबर परतलेलाच नसतो. दुसऱ्या लेसरला माझा विरोध नाही. नंबर स्थिर असेल आणि जागा असेल, तर त्याचा चांगला उपयोग होतो.

म्हणून पहिल्या लेसरनंतर घरी जातानाच आधीचा नंबर, जाडी, कॉर्नियाचा नकाशा आणि किती मायक्रॉन काढले, हे लिहून मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढे मोतीबिंदू झाला, तर आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढतानाही डॉक्टर हाच कागद मागतील.